'टेबल' करणे : मांडणे की बाजूला ठेवणे?

इंग्रजीतल्या 'टेबल' या क्रियापदाचा अर्थ 'पुढे ढकलणे' असा सांगितला जातो, तो अमेरिकेपुरता बरोबर आहे. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे मात्र नेमका उलटा अर्थ चालतो: समोर मांडणे. विधानसभेत अहवाल 'टेबल' झाला म्हणजे तो सभागृहाच्या पटलावर ठेवला, बासनात गुंडाळला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा लांबलचक, बराच कडवट वाद झाला होता. मुळात दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, असं चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवलंय. म्हणून अमेरिकन सहकाऱ्यांना ईमेल लिहिताना हे क्रियापद टाळाच. 'प्रपोज' किंवा 'पोस्टपोन', जे म्हणायचंय ते सरळ लिहावं.