विषय: नवा फोन हवाय, वेगळी सिस्टिम टाकता येईल असा

प्रेषक: ग्रंथालय विभाग

नमस्कार मंडळी,

पुस्तकांच्या यादीऐवजी आज भलतंच पाठवतेय, सांभाळून घ्या.

माझ्या फोनने "हा शेवटचा सुरक्षा अपडेट" असं सांगून हात वर केलेत. नवा घ्यायचाच आहे, तर या खेपेला गूगलची पाळत नसलेली सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारा मूळ प्रोग्राम, वापरून बघावी असं मनात आहे. मी कुठे जाते, किती वाजता झोपते हे एका जाहिरात कंपनीला माझ्याआधी कळू नये, एवढीच माफक अपेक्षा. ग्राफीन, लिनिएज, कॅलिक्स अशी नावं वाचली. आणखी एक आहे, ज्याच्या नावात एकच अक्षर 'ई' आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा. ते उच्चारायचं कसं हेही कुणी सांगा.

बेत असा: चांगला कॅमेरा, चांगली बॅटरी बघून फोन घ्यायचा, मग सवडीने त्यावर सिस्टिम टाकायची. जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय, एका दुपारचं काम होतं. इथेही तसंच ना?

– ग्रंथालयवाली ताई

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, पैसे भरायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं.

> फोन घ्यायचा, मग सवडीने त्यावर सिस्टिम टाकायची

हा क्रम उलटा करा. आधी सिस्टिम ठरवा, तिच्या संकेतस्थळावर ती कोणत्या फोनांवर चालते त्याची यादी असते ती उघडा, आणि त्या यादीतलाच फोन घ्या. लॅपटॉपचा न्याय इथे चालत नाही. लॅपटॉप सुरू होताना आपल्या पोटात कुठले भाग आहेत हे सिस्टिमला बरंचसं स्वतःच सांगतो, म्हणून एकच लिनक्स शंभर लॅपटॉपांवर चालतं. फोनमध्ये चिप, मोडेम, कॅमेरा, स्क्रीन यांची जुळणी दर मॉडेलला वेगळी, आणि सिस्टिमही दर मॉडेलसाठी वेगळी बांधावी लागते. तुमच्या मॉडेलसाठी ती कुणी बांधलीच नसेल, तर फोन कितीही भारी असो, विषय संपला.

नुसतं नाव जुळूनही भागत नाही. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या चिपा घालून विकतात. सॅमसंगने हे वर्षानुवर्षं केलंय, कुठे एक्झिनॉस तर कुठे स्नॅपड्रॅगन. म्हणून मॉडेल क्रमांक बघायचा. या याद्यांमध्ये फोन टोपणनावानेही असतात: गूगलचा पिक्सेल ८ म्हणजे 'शिबा', ८ए म्हणजे 'अकिता'. कुत्र्यांच्या जाती आहेत, घाबरू नका.

आता खरी गोम, बूटलोडर. फोन चालू केला की सगळ्यात आधी जागा होणारा हा छोटासा प्रोग्राम. पुढे जी सिस्टिम उठणार आहे तिच्यावर ओळखीची सही आहे का, ते तो तपासतो. परकी सिस्टिम टाकायची तर आधी हे कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडू द्यायचं की नाही हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. ह्वावेने कुलूप उघडायचे कोड देणं २०१८ मध्येच बंद केलं. शाओमीकडे अर्ज करून वाट बघत बसावं लागतं. सॅमसंगच्या ज्या फोनांत कुलूप उघडतं, त्यांत परकी सिस्टिम टाकली की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मग मूळ सिस्टिम परत टाकली तरी त्यांच्या सुरक्षित कप्प्यासारख्या सोयी परत येत नाहीत.

कुलूप उघडलं, सिस्टिम टाकली, आणि पुढचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: ते कुलूप परत लावता येतं का? उघडंच राहिलं तर फोन पाच-दहा मिनिटं ज्याच्या हाती लागेल तो त्यात फेरफार केलेली सिस्टिम घालून ठेवू शकतो, आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. पाळत नको म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, याला काय म्हणावं! गूगलच्या पिक्सेल फोनांत नव्या सिस्टिमची सही नोंदवून कुलूप परत लावता येतं. ग्राफीनओएस पिक्सेलवरच चालते त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण त्यातली टायटन एम२ ही वेगळी सुरक्षा चिप. चोराने पिनचे अंदाज भराभर टाकून बघायला सुरुवात केली, तर तीच त्याला रोखून धरते.

म्हणून माझं मत: पिक्सेल ८ किंवा त्यानंतरचा घ्या, आणि त्यावर ग्राफीन. ८ पासून पुढच्या फोनांना गूगलने ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, म्हणजे २०३० पर्यंत चिंता नाही. ६ आणि ७ ला ५ वर्षंच. शिवाय ८ पासूनच्या चिपांमध्ये मेमरी टॅगिंग आहे. मेमरीतल्या चुकीच्या जागी कुणी हात घातला की तो प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. हेरगिरीची महागडी हत्यारं बऱ्याचदा अशाच चुकांवर जगतात, आणि ग्राफीन ही सोय खरोखर वापरते.

कॅलिक्सचं नाव तूर्त बाजूला ठेवा. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या आवृत्त्या थांबवल्या. डायव्हेस्ट नावाची एक होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंदच झाली. या प्रकल्पांमागे मोजकी माणसं असतात, तेव्हा सिस्टिम निवडताना शेवटचा अपडेट कधी आला तेवढं जरूर बघा.

तिरप्या रेघांचा उच्चार करायचा नसतो. नुसतं 'ई ओएस' म्हणा.

प्रेषक: माजी खजिनदार

अरे बाबा, हे काही पटलं नाही. गूगलपासून सुटायचं म्हणून गूगलचाच फोन घ्यायचा? ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच ओसरीवर बिऱ्हाड! आणि ताईंचा जुना फोन नुसत्या अपडेटवाचून भंगारात काढायचा?

माझ्या जुन्या फोनला कंपनीने वाऱ्यावर सोडलं तेव्हा मी त्यावर लिनिएज टाकली. सायनोजेनमॉड ही आधीची सिस्टिम बंद पडल्यावर २०१६ च्या डिसेंबरात जी सुरू झाली तीच ही. गूगलचं एकही ॲप टाकलेलं नाही. नकाशे ऑर्गॅनिक मॅप्सवर, बाकी ॲप्स एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून. बॅटरी पूर्वीपेक्षा जास्त टिकते. यात कमी काय आहे?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, ओसरीचं बोलणं लागलं हो! पण थोडं वेगळं बघा. पिक्सेलचं हार्डवेअर गूगलचं, पण ग्राफीन टाकल्यावर त्यात गूगलचं एकही ॲप नसतं. हवं असेल तर तुम्ही स्वतः टाकायचं, आणि टाकलं तरी ते इतर कुठल्याही ॲपसारखंच राहतं, एका बंदिस्त चौकटीत. साध्या अँड्रॉइडवर गूगल प्ले सर्व्हिसेस ही गूगलची पडद्यामागे चालणारी सेवा घरच्या मालकासारखी वावरते. इथे ती पाहुणी, विचारल्याशिवाय आतल्या खोलीत जाता येत नाही.

तुमच्या शंकेत तथ्य आहे हे मात्र मान्य. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा सोर्स कोड देताना गूगलने पिक्सेलच्या जुळणीचा तपशील त्यातून वगळला, आणि या सगळ्या मंडळींचं काम एका रात्रीत वाढलं. एकाच कंपनीच्या फोनांवर अवलंबून राहिलं की असं होणारच.

लिनिएजबद्दल म्हणाल तर फोनचं आयुष्य वाढवायला तिच्यासारखी नाही. पण दोन गोष्टी. बहुतेक फोनांवर ती टाकल्यावर बूटलोडर उघडाच राहतो. आणि अपडेट दोन थरांत येतात. अँड्रॉइडचा थर लिनिएजवाले ताजा ठेवतात, पण मोडेम, ग्राफिक्स वगैरेंच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या पोटातलं सॉफ्टवेअर, त्या त्या कंपनीलाच दुरुस्त करता येतं. कंपनीने सोडलं की तो थर तिथेच गोठतो. वरून रंग नवा, आतली तुळई जुनीच. सेटिंगमध्ये अँड्रॉइडची सुरक्षा तारीख आणि व्हेंडरची, म्हणजे कंपनीच्या थराची, तारीख वेगवेगळी दिसते का बघा.

प्रेषक: माजी खजिनदार

बघितली. दोन तारखांमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे. या फोनवर बँक वगैरे काही नाही, त्यामुळे मी तो वापरणारच. पण ताईंना असंच करा असं आता म्हणणार नाही.

प्रेषक: नाट्यशाखा

मधेच तोंड घालते, कारण यात मी पोळलेय.

ताई, वापरलेला फोन घेणार असाल तर "अनलॉक्ड आहे" या शब्दावर अजिबात विश्वास ठेवू नका. विकणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं, अनलॉक्ड आहे. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याच्या लेखी अनलॉक्ड म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालतं. मला हवं होतं बूटलोडरचं कुलूप. शब्द एक, कुलपं दोन! घरी येऊन बघते तर 'ओईएम अनलॉकिंग' हा बूटलोडरचं कुलूप उघडू देणारा पर्याय फिकट पडलेला, दाबलाच जाईना. हा फोन पहिल्यांदा एका मोबाइल नेटवर्कने आपल्या योजनेत विकलेला होता, आणि त्यांनी ते दार कायमचं बंद केलेलं. नंतर सिमचं बंधन सुटलं तरी हे सुटत नाही.

म्हणून समोर बसूनच तपासायचं. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारायची, की डेव्हलपर पर्याय उघडतात. फोन वायफायला जोडायचा, कारण काही फोन आधी इंटरनेटवर विचारून मगच हा पर्याय खुला करतात. मग ओईएम अनलॉकिंगचं बटण सरकतं का बघायचं. सरकलं तर घ्या, नाहीतर गोड बोलून निघा. माझा तो फोन आता तालमीत पार्श्वसंगीत वाजवतो. आवाज छान आहे त्याचा.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

बापरे, किती शिकवलंत! एकच अडचण राहिली. माझी दोन बँकांची ॲप्स आहेत, ती चालतील का? आणि फोन टेकवून पैसे देण्याची फार सवय झालीय.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, पुष्कळांची गाडी इथेच अडते, म्हणून स्पष्ट सांगतो.

फोन टेकवून गूगल पेने पैसे देणं ग्राफीनवर होणार नाही. गूगलने प्रमाणित केलेली सिस्टिमच त्याला लागते. कार्ड जवळ ठेवायची सवय लावा.

बँकांचं बँकेगणिक वेगळं. काही ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी नावाच्या सेवेला विचारतात, "हा फोन तुमच्या मान्यतेचा आहे का?" ग्राफीन साधी पायरी पार करते, पण ॲपने वरची पायरी मागितली तर अडकते. फोन सुरक्षित आहे का हा तिथे प्रश्नच नसतो, गूगलचा शिक्का आहे का एवढंच बघतात. अपडेट नसलेला, वर्षानुवर्षं जुना फोन शिक्क्याच्या जोरावर आत जातो आणि कालचा अपडेट घेतलेला बाहेर उभा राहतो. याचा मला मनापासून राग येतो, पण बँकेपुढे माझ्या रागाचं काय चालणार! ग्राफीन वापरणाऱ्यांनी बँकवार यादी तयार केलीय, तुमच्या दोन्ही बँका आधी तिच्यात शोधा. चालत नसेल तर ते काम ब्राउझरवर होतं का बघा.

आणि हे टाकल्याने काय होणार नाही तेही ऐकून ठेवा. सिम असेपर्यंत नेटवर्क कंपनीला तुम्ही कुठल्या टॉवरजवळ आहात ते कळणारच. व्हॉट्सॲपमध्ये तुम्ही कुणाशी कधी बोलता, हे त्यांना कळू शकतंच. फरक पडतो तो फोनमधल्या चोरट्या डोकावण्यात. एखाद्या ॲपचं इंटरनेटच बंद करता येतं. संपर्कांची सगळी वही न देता चारच नावं दाखवता येतात. १८ तास फोन उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि आतला मजकूर पुन्हा पक्का कुलूपबंद होतो.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

मंडळी, काम फत्ते.

पहिली बँक यादीत 'चालते', दुसरी 'चालत नाही'. दुसरीचं ब्राउझरवर निभतंय. वापरलेला पिक्सेल ८ए घेतला. विकणाऱ्यासमोर ७ टिचक्या मारल्या, बटण सरकवून बघितलं. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी फोनची नाडी तपासतेय.

सिस्टिम टाकायला वेगळं काही उतरवून घ्यावं लागलं नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्यांचं पान उघडायचं, केबल लावायची, एकेक बटण दाबत जायचं. पहिल्या खेपेला मध्येच अडकलं. केबल नुसत्या चार्जिंगची होती, दुसरी लावल्यावर झालं. कुलूप उघडताना एकदा आणि लावताना एकदा, असा दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून फोटो आधीच उतरवून ठेवा. मी ठेवले होते, नाहीतर आज हे पत्र वेगळ्या सुरात आलं असतं.

चालू करताना दर वेळी पिवळी सूचना येते की ही वेगळी सिस्टिम आहे. खाली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ असते. ती त्यांच्या संकेतस्थळावरच्या ओळीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघितली, जुळली.

काका, अपडेट थांबलेला माझा जुना फोन नुसता पडून आहे. लिनिएज टाकून ग्रंथालयाच्या टेबलावर पुस्तकांचे बारकोड वाचायला ठेवू या का? शनिवारी तुम्ही येणार असाल तर केबल मी आणते, चालणारी.

– ताई