‘बघून घेईन’ म्हटलं की गुन्हा होतो का?

प्रश्न: फेसबुकवर वाद झाला. समोरचा म्हणतो, ‘तुला बघून घेईन.’ हे संविधानाच्या कलम १९(१)(क) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य की धमकी?

प्रतिसाद १: नुसत्या तेवढ्यावर गुन्हा टिकणं अवघड. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) धमकीविषयीच्या कलम ३५१ ला दोन गोष्टी लागतात: शरीर, अब्रू किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी, आणि त्यामागे घाबरवण्याचा किंवा काही करायला भाग पाडण्याचा हेतू. शिवीगाळ झाली म्हणजे हेतू सिद्ध झाला असं नाही. बहुतेक तक्रारी इथंच आपटतात. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावरच्या तिखट कमेंटवरून झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याच कारणाने रद्द केला.

प्रतिसाद २: ‘तक्रार मागे घे, नाहीतर हातपाय तोडीन’ मात्र सरळ धमकी. साध्या धमकीला २ वर्षांपर्यंत कैद. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर ७ पर्यंत. खोट्या नावाच्या खात्यावरून दिली तर आणखी २ पर्यंत.

प्रतिसाद ३: आणि कृपा करून ‘आयटी ॲक्टचं ६६अ लावा’ म्हणू नका, ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजला शिक्षा देणारं ते कलम २०१५ मध्येच घटनाबाह्य ठरलंय! त्याच निकालात चर्चा आणि समर्थनाला मोकळीक, चिथावणीवर मात्र बंधन, अशी रेघ आहे.

स्क्रीनशॉटवर भागत नाही. मूळ मेसेज डिलीट करू नका, लिंक, तारीख, वेळ टिपून ठेवा. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) भरावी लागते.