मदत हवी आहे: दोन टीमच्या सीमेवरची जोखीम कोणाच्या नावावर टाकावी?

नमस्कार. एकाच सॉफ्टवेअर प्रकल्पावर तीन देशांतील टीम काम करत असून त्यांच्या समन्वयाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. दोन टीमच्या घड्याळांत सुमारे दहा तासांचे अंतर असल्यामुळे एपीआयमधील (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या ठरलेल्या पद्धतीतील) एखाद्या फील्डविषयीच्या साध्या शंकेचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते, आणि त्यातून उपप्रश्न निघाला की आणखी एक दिवस जातो; तोवर विचारणारा प्रोग्रामर स्वतःच्या अंदाजाने कोड लिहून मोकळा होतो. तो अंदाज चुकला होता हे इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांचे भाग एकत्र जोडताना, रिलीज तोंडावर आल्यावर कळते.

जोखमींची नोंदवही, म्हणजे रिस्क रजिस्टर आहे, आणि प्रत्येक टीम आपापल्या मॉड्यूलची (सॉफ्टवेअरच्या भागाची) जोखीम त्यात नेमाने नोंदवते. दोन मॉड्यूलच्या सीमेवरची जोखीम मात्र कोणीच नोंदवत नाही. इंटरफेसचा, म्हणजे दोन भाग जिथे जोडले जातात तिथल्या देवाणघेवाणीचा, दस्तऐवज काटेकोर करा, हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले, तेव्हाही इंटरफेसच्या दस्तऐवजात मेट्रिक एकके ठरलेली होती. तरीसुद्धा एका बाजूच्या सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.

बैठका वाढवण्यावरही माझा फारसा विश्वास नाही, कारण त्यात कोणाची तरी रात्र जातेच. (शिवाय अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे सरकत असल्यामुळे मधल्या काळात ठरलेल्या बैठकीलाही कोणीतरी तासभर चुकते.)

सीमेवर कॉन्ट्रॅक्ट टेस्ट (दोन्ही बाजू ठरलेला करार पाळतात का, हे तपासणाऱ्या चाचण्या) लिहून त्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवाव्यात, असा विचार आहे. ती टेस्ट फसली तर एपीआय देणाऱ्या टीमचे मर्ज (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणे) अडवावे की वापरणाऱ्या टीमने जुळवून घ्यावे? आकड्याचे स्वरूप बरोबर, पण अर्थ वेगळा, अशी चूक या टेस्टमध्ये पकडता येते का? संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडल्याप्रमाणे प्रणालीची रचना जर ती घडवणाऱ्या संस्थेच्या संवादरचनेवरच बेतली जात असेल, तर मॉड्यूलनुसार केलेली विभागणी मोडून प्रत्येक टीमकडे पूर्ण फीचर सोपवणे हाच मूळ उपाय ठरतो का, आणि चालू प्रकल्पात असा बदल कोणी केला आहे का?

माणसे एका ठिकाणी आणणे शक्य नाही, हे गृहीत धरून कृपया उत्तर द्यावे.