मूळ, अविभाज्य, अभाज्य की दृढ?

पारोळेकर : दहावीच्या मुलांसाठी २१४७४८३६४७ या संख्येवरचं एक इंग्रजी टिपण मराठीत करतोय. २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ (इंग्रजीत prime, म्हणजे १ आणि ती स्वतः यांशिवाय कशानेच भाग न जाणारी) आहे हे गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. अडलंय या वाक्यावर : 'वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहा.' एका मुलीने लगेच विचारलं, 'कशाचं मूळ?' इथे 'अविभाज्य' चालेल का?

अमळनेरकर : नको. बाकीच्या संख्या ज्यांच्या गुणाकारातून उभ्या राहतात त्या मूळ, किती नेमका शब्द आहे! 'अविभाज्य' म्हटलं तर १ ला बाहेर कसं ठेवणार? १ मूळही नाही, संयुक्तही नाही, हे पोरं पाचवी-सहावीतच शिकतात.

रावेरकर : आमचे बऱ्हाणपूरचे पाहुणे 'अभाज्य' म्हणतात. कानावर पडताच कळतं. आमच्या बोलीत मूळ म्हणजे 'मूय', आणि मूय झाडाचं. पोरीचा प्रश्न रास्त आहे, भाऊ.

अमळनेरकर : हिंदीतला शब्द सोपा वाटला म्हणून पाठ्यपुस्तकात रुळलेला का सोडायचा? उद्या 'सहमूळ'चं, म्हणजे १ शिवाय सामाईक भाजक नसलेल्या संख्यांचं, काय करणार?

पाटणादेवीकर : दोन्ही सोडा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांत 'दृढ' आहे. आपल्या मातीतला शब्द, तोच घ्या.

अमळनेरकर : नाना, 'दृढ' कुट्टकातला, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायच्या जुन्या रीतीतला. सामाईक भाजक काढून टाकल्यावर उरलेले भाज्य आणि हार (भाजक) ते दृढ. ८ आणि १५ घ्या : एकमेकांशी दृढ, पण मूळ दोघांपैकी एकही नाही. तो 'सहमूळ'च्या जागी शोभेल.

पाटणादेवीकर : अर्थ सरकतात. 'मूळ'चा सरकला, तर 'दृढ'चा का नाही? जी कशानेच फुटत नाही ती दृढ. मला पटतं.

धुळेकर : शब्दाआधी ते वाक्य तपासा. ४६३४० पर्यंतच्या, म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी ऑयलरने भागलंच नाही. ३१ स्वतः मूळ, म्हणून या संख्येच्या कुठल्याही मूळ भाजकाला ६२ ने भागलं तर बाकी १ च उरायला हवी. आणि ८ ने भागलं तर १ किंवा ७. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या राहतात. काम किती हलकं होतं बघा! मुलांना हे सांगा.

पारोळेकर : हे टिपणात घालतोच, सर. पण तुमच्याही मजकुरात 'मूळ' चार-पाचदा आलंय.

रावेरकर : 'अभाज्य' घालून वाचा, काही अडत नाही.

धुळेकर : २०२४ मध्ये सापडलेली मूळ मर्सेन संख्याही (अशीच, २ चा घात वजा १ या रूपाची) घ्या : २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी.

अमळनेरकर : 'मर्सेन' की 'मेर्सेन'? फ्रेंच उच्चार कोणी ऐकलाय का?