'रायव्हलरी'ला मराठीत काय म्हणायचं? कोप्पी, बार्ताली आणि बाकीच्या जोड्या

बिनगिअर
एका अंकासाठी युद्धानंतरच्या युरोपातल्या सायकल शर्यतींवर लेख लिहितोय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलोय. फाउस्तो कोप्पी आणि जीनो बार्ताली या दोन इटालियनांमध्ये जे होतं, त्याला काय म्हणू?

'स्पर्धा' लिहिलं तर वक्तृत्व स्पर्धा आठवते. 'वैर' लिहिलं तर १९४९ ची तूर द फ्रान्स आड येते. १८ जुलैला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, दोघं बाकीच्यांना मागे टाकून ब्रियाँसाँला पोचले. टप्पा बार्तालीला मिळाला, पिवळी जर्सीही (एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याची ती). दुसऱ्या दिवशी ती कोप्पीने घेतली आणि पॅरिसपर्यंत सोडली नाही. याला वैर कसं म्हणायचं? बरं, मैत्री म्हणावी तर आदल्याच वर्षी वल्केनबर्गच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत दोघं नुसते एकमेकांवर नजर ठेवून बसले. दुसरा जिंकायला नको एवढंच दोघांच्या डोक्यात. शेवटी दोघांनी शर्यत सोडली आणि इटलीच्या महासंघाने दोघांनाही निलंबित केलं.

खिडकीपाशी
'चुरस' का नको?

जुनी वही
चुरस त्या दिवसाची असते. शर्यत संपली की चुरस संपली. १९४६ चा जिरो, म्हणजे इटलीची मोठी टप्प्याटप्प्यांची शर्यत, बार्तालीने ४७ सेकंदांनी जिंकला, ती चुरस. पण १९४९ च्या जिरोतला कूनिओ ते पिनेरोलो टप्पा घ्या. कोप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे, बार्ताली दुसरा, तोही ११ मिनिटं ५२ सेकंद मागे. त्या दिवशी चुरस कसली आलीय? तरी बिनगिअर म्हणतात ते जे काही आहे, ते त्या दिवशीही होतंच की.

'चढाओढ' माझ्या डोक्यात आला होता. नीट ऐका, चढ आणि ओढ, जणू घाटातल्या सायकलवाल्यांसाठीच घडवलाय. (व्युत्पत्ती सांगत नाहीये, कानाची गंमत.) पण चढाओढ पाच-पंचवीस जणांत लागते, तिकिटासाठी नाहीतर खुर्चीसाठी. दोघांपुरती ती फार मोकळी पडते.

टायरट्यूब
खुन्नस राव, सरळ खुन्नस! बार्ताली कोप्पीने फेकलेल्या बाटल्या उचलून तपासायचा, हॉटेलात त्याच्या खोलीची झडती घ्यायचा. हा गडी नक्की घेतो काय, या संशयापायी. वर हे सगळं नंतर स्वतःच सांगायचा.

जुनी वही
खुन्नस वल्केनबर्गला चपखल बसते, कारण ती नजरेत असते. 'खुन्नस देणे' म्हणजे डोळ्यांनीच. पण पंधरा वर्षांच्या नात्याला पुरणार नाही.

घाटातला
एकच शब्द शोधताय तिथेच गाडी अडतेय. जोडी बदलली की शब्द बदलतो.

बर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड ही *भाऊबंदकी*. एकाच संघात, एकाच मालकाचं मीठ खाणारे. १९८५ ला लेमाँडने इनोला पाचवी तूर जिंकू दिली, पुढच्या वर्षी मी तुला मदत करीन असं इनो बोलला, आणि १९८६ ला स्वतःच हल्ले चढवत सुटला. आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघं हातात हात घेऊन आले, फोटो झकास निघाला, आणि शर्यत अजून संपलेली नाही असं इनोने लगेच टीव्हीवर सांगून टाकलं. वाड्याच्या वाटणीत चुलते गळ्यात गळे घालतात तसलं प्रेम. तूर लेमाँडनेच जिंकली.

बेल्जियमचा एडी मर्क्स आणि स्पेनचा लुईस ओकान्या यांना मात्र माझ्याकडे शब्द नाही. १९७१ च्या तूरमध्ये ओर्सिएर-मेर्लेतच्या टप्प्यावर ओकान्याने मर्क्सला ८ मिनिटं ४२ सेकंद मागे टाकलं. चार दिवसांनी कोल द मांतेच्या उतारावर, वादळी पावसात, अंगात पिवळी जर्सी असताना तो पडला आणि त्याची शर्यत तिथेच संपली. जर्सी मर्क्सकडे आली, पण दुसऱ्या दिवशी त्याने ती घालायला नकार दिला. प्रतिस्पर्ध्याचा मान राखणं हे आपल्याकडे कुस्तीच्या फडात कळतं, पण त्याला नाव काय?

खिडकीपाशी
आंक्तिल-पुलिदोर राहिले की! रेमों पुलिदोर आठ वेळा तूरच्या पहिल्या तिघांत आला, तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. जिंकला एकदाही नाही, आणि पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवससुद्धा अंगावर चढली नाही. १९६४ ला पुय द दोमच्या चढावर तो आणि जाक आंक्तिल खांद्याला खांदा घासत चढले, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण माझा जीव त्याच तूरच्या मोनॅको टप्प्यात अडकलाय. तिथे ट्रॅकवर आणखी एक फेरी बाकी होती. पुलिदोरने एक फेरी आधीच जीव तोडून स्प्रिंट मारली आणि जिंकलो असं समजून बसला. टप्पा आंक्तिलने घेतला, त्यासोबत एकूण वेळेतून एक मिनिट वजा होण्याचं बक्षीस. पॅरिसला अंतिम फरक किती? ५५ सेकंद.

आता आपल्या शब्दांकडे बघा. 'अजिंक्यपद' हा मोठा फसवा शब्द. अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येत नाही तो, आणि आपण खुशाल लिहितो, 'गतवेळच्या अजिंक्यवीराचा पराभव'. 'उपविजेता' तर त्याहून मजेशीर, उपसरपंचासारखा. जणू विजेता गावाला गेला की कारभार हा बघणार. फ्रेंचांनी सरळ पुलिदोरचं नावच सामान्यनाम करून टाकलं, कायम दुसरा येणारा तो 'पुलिदोर'.

माजघर
विषयांतर करते, पण याच धाग्यातलं. इटालियन 'ग्रेगारियो', म्हणजे मुख्य खेळाडूसाठी राबणारा, वारा अंगावर घेणारा, पाणी आणून देणारा. फ्रेंच त्याला सरळ 'घरगडी' म्हणतात. बिनगिअर, तुम्ही 'सहायक' लिहाल, नका लिहू. आपल्याकडे *बारगीर* आहे ना. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. याची सायकलही संघाचीच.

१९५२ च्या तूरमध्ये कोप्पीचा बारगीर आंद्रेआ कारेआ आघाडीच्या टोळीबरोबर लोझानला पोचला आणि त्याला कळलं की पिवळी जर्सी आपल्यालाच मिळालीय. माणूस रडायला लागला, धनी रागावेल म्हणून! दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझला कोप्पीने ती घेतली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

आणि खुद्द कोप्पी? १९४० च्या जिरोत तो बार्तालीचाच बारगीर होता, वय २०. सुरुवातीलाच एक कुत्रं आडवं आलं, बार्ताली पडला, आणि जिरो जिंकला या पोराने. नाथांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या नक्की कोण, ते उशिराच कळतं.

टायरट्यूब
माजघर ताई, श्रीखंड्यासाठी दंडवत.

बिनगिअर
बारगीर घेतला! श्रीखंड्याही घेईन, परवानगी असेल तर. पण मूळ शब्द?

जुनी वही
रात्री सुचला. *ईर्षा.* संस्कृतात आणि हिंदीत हा मत्सर. मराठीत तो मत्सराच्या कुशीतून निघून कधीचा वेगळ्या वाटेला लागलाय. 'ईर्षेने अभ्यासाला बसला' हे आपण कौतुकाने म्हणतो. 'ईर्षेला पेटला' यात आग आहे, पण दुसऱ्याचं घर जाळायची नाही. आणि ती एका शर्यतीपुरती नसते, वर्षानुवर्षं धुमसते. थोडा जुना मत्सर अजून तळाशी आहे, तोही इथे हवाच, नाहीतर बाटल्या तपासणारा बार्ताली शब्दात मावणार नाही.

१९५२ चा तो दोघांचा फोटो आठवा, चढावर एकाच बाटलीला दोघांचे हात. कोप्पीने बार्तालीला दिली की बार्तालीने कोप्पीला, यावर इटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. फोटोला विभक्ती नसते. वैर असतं तर बाटली दिलीच नसती, निव्वळ मैत्री असती तर कोणी दिली यावर कोण कशाला भांडलं असतं?

घाटातला
मान्य. मर्क्स-ओकान्यालाही चालेल.

बिनगिअर
शीर्षक ठरलं, 'एका ईर्ष्येची गोष्ट'.

जुनी वही
'ईर्षेची' लिहा हो. 'ईर्ष्या' लिहिलंत की परत मत्सर झाला.

खिडकीपाशी
कोशात दोन्ही रूपं असतात.

जुनी वही
असू देत. मुद्रितशोधक मीच आहे.