हिरवं आहे म्हणून ते जंगल नव्हे

"हिरवं आहे ना, मग झाड कुठलं का असेना" हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर १९३७ साली मिकोनिया नावाचं बाहेरचं झाड शोभेसाठी बागेत लावलं. आज निम्म्याहून जास्त बेट त्यानं व्यापलंय. भल्यामोठ्या पानांच्या अंधारात तिथली मूळ रोपं जगत नाहीत. मुळं उथळ, त्यामुळे उतारावरची माती पावसात घसरते. बिया पाखरं नेतात.

आमच्या मेळघाटाच्या पायथ्याशी रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीच्या (लँटाना) झुडपाचं, तेच चाललंय. फळं बुलबुल खातात, अन् ती धुऱ्याधुऱ्यावर उगवते. ढोरं तिला तोंड लावत नाहीत, खालचं चराईचं गवत मात्र मरतं. नुसती कापली तर बुडातून पुन्हा फुटते. जमीन ओली असताना मुळासकट उपटा आणि त्या जागी लगेच गवत पेरा.