रविवारची मीटिंग आणि चारचा चहा

सेक्रेटरी : रविवारी दुपारी ४ वाजता गच्चीवर मीटिंग. विषय लिफ्टचा. चहा सोसायटीतर्फे.

१०३ काकू : चहा असेल तर येते.

४०२ : मी येतो. माझा कप धरू नका, रोजे चालू आहेत.

२०१ काका : अरे हो, रमजान लागला! एक विचारू? पाणीसुद्धा नाही?

४०२ : पाणीसुद्धा नाही, काका. दरवर्षी हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात येतो, यंदा तिसऱ्याच दिवशी आला.

२०१ काका : म्हणजे महिनाभर रोज निर्जळी! भुकेनं कासावीस होत असाल.

४०२ : खरं सांगू का, भुकेचं एवढं काही नाही. दुपारी एकदा लागते, तासाभरात मरते. छळतो तो चहा. त्यातही चारचा. पहाटे सहरीला, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या खाण्याला, दोन कप पोटात गेलेले असतात, तरी चार वाजले की ऑफिसात हात आपोआप उजवीकडे जातो, जिथे कप असतो. सगळे उठतात म्हणून मीही उठतो आणि मग कळत नाही की उठून करायचं काय. खिडकीपर्यंत जातो, परत येतो. फोनवर दहा मिनिटं बोललं की एक घोट पाणी, हिशेब जुळत नसला की तोंडात काहीतरी टाकायचं, हे एरवी लक्षातही येत नाही. रोजा ठेवला की कळतं, आपण दिवसभर किती वेळा तोंड हलवतो.

४०२ भाभी : आणि माझं कोण सांगणार? रोज संध्याकाळी सगळ्यांचा स्वयंपाक, मीठ न चाखता. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं म्हणतात, पण माझा धीर होत नाही. काल इफ्तारला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, पहिला घास घेतला आणि सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

१०३ काकू : कमी की जास्त?

४०२ भाभी : दोनदा घातलं होतं, काकू.

३०५ डॉक्टर : डोकं दुखतं का हो?

४०२ : दरवर्षी पहिले तीन दिवस, संध्याकाळी, ठरल्यासारखं.

३०५ डॉक्टर : ते कॅफीन. मेंदूत झोप आणणारं अॅडेनोसिन असतं, त्याची जागा कॅफीन अडवून बसतं. रोजची सवय मोडली की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं. २ ते ९ दिवसांत उतरतं. पुढच्या वेळी रमजानच्या दोन आठवडे आधीपासून एकेक कप कमी करत या.

४०२ : दरवर्षी ठरवतो, डॉक्टर. ठरवतो तेही चहा पिता पिता.

२०१ काका : आणि अम्मींचं कसं? त्यांना शुगर आहे ना?

४०२ : आजारी, प्रवासी, गरोदर बाई यांना सूट असते. मागाहून ठेवणं जमणार असेल तर नंतर ठेवायचे, अम्मीसारखं कायमचं दुखणं असेल तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. ती गोळ्या आणि खाणं वेळेवर घेते, पण चहा मात्र आमच्याबरोबर इफ्तारलाच. कितीही सांगा, ऐकत नाही.

१०३ काकू : दरवर्षी महिना पुढेमागे कसा होतो हो? मागे उन्हाळ्यात असायचा.

४०२ : पुढे नाही काकू, मागेच. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. सगळे ऋतू फिरून यायला ३३ एक वर्षं लागतात. २०३० मध्ये तर दोनदा सुरू होणार, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी.

१०३ काकू : एका वर्षात दोनदा चहा बंद! अरे देवा.

२०१ काका : मग रविवारी तुमच्यासमोर आम्ही प्यायचा कसा?

४०२ : नेहमीसारखा. लपवू तर अजिबात नका. गेल्या वर्षी ऑफिसात एकानं मला बघून कप ड्रॉवरमध्ये सारला, सगळा फायलीवर सांडला. रोजा माझा, शिक्षा फायलीला. फक्त ‘एक घोट घे, कुणाला कळतंय’ एवढं म्हणू नका.

सेक्रेटरी : मीटिंग रात्री ठेवू का?

४०२ : रात्री तरावीहची नमाज असते. ४ च राहू द्या. तेवढंच चार वाजता मला करायला काहीतरी मिळेल.

सेक्रेटरी : ठीक. चहाचा थर्मास गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो.

४०२ : वारा कुठून येतोय ते बघून ठेवा.